सम्यकचा डाव आणि कमळताईंचं घड्याळ

माझा भाऊ सम्यक दात बनवतो. डॉक्टर नाही हां तो. हे आधीच सांगते, कारण लोक लगेच तोंड उघडून दाखवायला लागतात. घाटकोपरला एक डेंटल लॅब आहे, तिथे तो कारागीर आहे. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि हा त्यावरून कवळ्या, क्राऊन, सुटे दात तयार करतो. नवीन दाताला शेजारच्या दातासारखा पिवळटपणा आणायचा, कडेला किंचित निळसर झाक द्यायची, हे सगळं दोन केसांच्या ब्रशने. अठरा वर्षं झाली करतोय. आमच्या नाहूरच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडात त्याचं काम आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

मी शीतल, त्याची मोठी बहीण. दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे आवाज मोठा आणि सबुरी कमी. आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी आणि नवरा दुसऱ्या मजल्यावर, सम्यक आणि आई चौथ्यावर. दर रविवारी दुपारी सम्यक सोसायटीच्या हॉलमध्ये मित्रांबरोबर खेळतो. खेळतो असं आपलं म्हणायचं. नऊ वर्षांत तो खरोखर किती वेळा खेळला हे मला यंदा कळलं, आणि कळलं तेव्हा माझीच मला लाज वाटली.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आमचे बाबा मेहकरकडचे. मुलुंडच्या एका कंपनीत लागले आणि भांडुपच्या चाळीत बिऱ्हाड केलं. चाळीत आम्ही पोरं संध्याकाळी लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी असं काय काय खेळायचो. सम्यक माझ्याहून पाच वर्षांनी लहान, त्यात दम्याचा. चार पावलं धावला की छाती वाजायची. तो ओट्यावर बसून राहायचा आणि आई आतून ओरडायची, "शीतल, त्याले बी घे नं खेळाले." मग मी नाइलाजाने म्हणायचे, "ये, तू कच्चा लिंबू." कच्चा लिंबू म्हणजे खेळात आहे पण नाही. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, आणि त्याने कुणाला बाद केलं तर तेही कुणी धरत नाही. एकदा त्याने मला चांगलं दोन्ही हातांनी पकडलं होतं, लंगडीत. मी म्हटलं, तू कच्चा लिंबू, हे चालत नाही. तो जाऊन परत ओट्यावर बसला. मी दोन मिनिटांत विसरले.

तर हा खेळाचा नाद त्याला नऊ वर्षांपूर्वी लागला. लॅबच्या मालकांच्या पुतण्याने परदेशातून एक खोका आणला होता, त्यात इंचभर उंचीचे सैनिक, न रंगवलेले. पुतण्याचा उत्साह महिन्यात संपला आणि खोका सम्यककडे आला. सम्यकने ते सैनिक असे रंगवले की एकेकाच्या मिशीचे केस मोजता यावेत. मग त्याने सोबतची नियमांची पुस्तिका वाचली. मोठं टेबल घ्यायचं, त्यावर डोंगर, भिंती, नद्या मांडायच्या, सैनिक पट्टीने मोजून पुढे सरकवायचे आणि लढाईचा निकाल फाशांवर. डोंगर त्याने लॅबच्या उरलेल्या प्लास्टरचे केले. मी म्हटलं, चाळिशीला आलास, बाहुल्या कसल्या खेळतोस. तो हसला आणि ब्रश धुवायला गेला.

हळूहळू मित्र जमले. अल्पेश लॅबमधलाच, प्लास्टरची मापं ओततो. खारदांड्याचा, घरची होडी आहे, वडील अजून समुद्रावर जातात. प्रीतम मुलुंडचा, कॉम्प्युटरवाला, बोलायला लागला की थांबत नाही. अनिरुद्ध पार्ल्याचा, बँकेत आहे, फारच सज्जन. शिवाय त्यांच्या ओळखीचे आणखी चारपाच जण येऊनजाऊन असायचे. टेबल सहा फूट बाय चार फूट, ते आमच्या कुणाच्या घरात मावणार? म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी तीन ते सहा त्यांचं बस्तान बसलं. हॉल नसता तर हे मित्र कधी जमले नसते, हे सम्यकला पक्कं ठाऊक होतं. लॅबमध्ये दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाला रविवारचे ते तीन तास म्हणजे सगळं काही होतं.

पण घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. हे खेळ मुळात दोघांचे. एक सैन्य इकडे, एक तिकडे. खोक्यावर 'दोन ते चार खेळाडू' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्यावर जाऊ नये. तिसरा माणूस आला की गडबड सुरू. तिघं बसले तेव्हा प्रीतम आणि अल्पेशने संगनमत करून अनिरुद्धला अर्ध्या तासात साफ केला. तो बिचारा पार्ल्याहून नाहूरपर्यंत आलेला. अडीच तास वडापाव खात इतरांचा खेळ बघत बसला, जाताना सगळ्यांना थँक्यू म्हणाला आणि पुन्हा आला नाही. मग सम्यकने असा खेळ आणला की सगळ्यांनी मिळून एका राक्षसाशी लढायचं. त्यात प्रीतम सगळ्यांच्या चाली सांगायला लागला, तू इकडे जा, तू तिकडे जा, शेवटी एकटाच खेळला म्हणायचा. असे करत सम्यकच्या कपाटात अकरा खोके जमले. सगळ्यांतले सैनिक देखणे, पण दोघांच्या वर माणसं बसली की खेळाची वाट लागायची. शेवटी दोघं खेळायचे आणि बाकीचे भिंतीला टेकून मोबाइल बघायचे. सम्यक टेबल मांडायचा, नियम सांगायचा, चहा आणायचा.

हे एका रविवारी कमळताईंनी बघितलं.

कमळताई आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. बस डेपोत टाइमकीपर होत्या, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण मनगटावरचं घड्याळ उतरलेलं नाही. पाण्याचा टँकर चार मिनिटं उशिरा आला तर त्या ड्रायव्हरला वेळ सांगतात. त्या दाराशी उभ्या राहिल्या, घड्याळ बघत. त्यांनी वीस मिनिटं मोजली. मग सम्यकला म्हणाल्या, "हॉलमध्ये दोन माणसं खेळतायत आणि पाच जण बसून आहेत. योगाच्या वर्गाला हाच वेळ हवाय, तिथे तीस बायका आहेत. मी त्यांना काय सांगू?"

सम्यकच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, ताई, सगळे खेळतील असा खेळ मी मांडून दाखवतो.

"ठीक आहे," कमळताई म्हणाल्या. "सोसायटीच्या वर्धापनदिनाला दुपारी चार ते सहा. सहा माणसं बसव, त्यातली तिघं सोसायटीतली, हा खेळ कधी न खेळलेली. मी घड्याळ घेऊन उभी राहीन. दोन तासांत कुणीही दहा मिनिटं हातावर हात धरून बसलेलं दिसलं, तर हॉल योगाला. नाही दिसलं, तर रविवार तुझा, पुन्हा कुणी विचारणार नाही."

वर्धापनदिनाला महिना होता. मला हे सगळं आईकडून कळलं. सम्यकने स्वतः काय सांगितलं? "ताई, सोसायटीतली तिसरी म्हणून तू येशील का?" दुसरे दोघं त्याने मिळवले होते. एक तळमजल्यावरची अबोली, कॉलेजात जाते. आणि दुसरे खुद्द कमळताईंचे यजमान, रामचंद्रकाका. त्यांची कवळी सम्यकच्या हातची, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं, यंदा रविवारची झोप गेली.

पहिली रंगीत तालीम झाली ती प्रीतमच्या सल्ल्याने. प्रीतमचं म्हणणं, कमळताईंचे डोळे दिपवायचे असतील तर मोठं युद्धच मांडायला हवं. सम्यकलाही तेच हवं होतं, कारण त्या युद्धाचे दोनशे बारा सैनिक त्याने चार वर्षं बसून रंगवले होते. घोड्यांच्या लगामाला सोनेरी कड, झेंड्यांवर नक्षी. टेबल मांडलं तेव्हा खरंच बघत राहावं असं दिसत होतं. मग खेळ सुरू झाला आणि प्रीतमची पाळी आली.

प्रीतम मोजतोय, वाकून बघतोय, पुस्तक चाळतोय. मी दहा मिनिटं थांबले. मग वर गेले, कुकर लावला, तीन शिट्ट्या केल्या, भाजीला फोडणी दिली, खाली आले. प्रीतमचीच पाळी चालू होती. रामचंद्रकाका खुर्चीत घोरत होते. अबोली केव्हाच निघून गेली होती. आणि सम्यक टेबलाच्या कडेला उभा राहून एका घोड्याची शेपटी सरळ करत होता.

माझा पारा चढला. सगळ्यांसमोर बोलले मी. म्हटलं, "सम्या, तू खेळ निवडतोस ते सैनिक बघून. बसणार कोण आहे ते कधी बघितलंस का? काकांना ते बारीक अक्षर दिसत नाही, ती पोरगी अर्धा तास एका जागी बसत नाही, आणि ह्या प्रीतमला वेळ दिला की तो सगळा खातो. दात असेच बनवतोस का रे तू? तोंड न बघता?"

 सम्यकने मान खाली घातली आणि सैनिक एकेक करून खोक्यात भरायला लागला. मी चिडूनच वर गेले. जिन्यात वाटलं, जरा जास्तच बोललो आपण. पण माघारी वळायचा माझा स्वभाव नाही.

दोन दिवसांनी आईकडे गेले तर सम्यक जेवणाच्या टेबलावर लॅबच्या चिठ्ठ्या पसरून बसला होता. लॅबमध्ये दर दाताबरोबर एक चिठ्ठी येते. पेशंटचं नाव, वय, दाताचा रंग, चावा कसा, दात खातो का, सगळं. ती चिठ्ठी आणि माप आल्याशिवाय हे लोक कामाला हात लावत नाहीत. सम्यकने तशाच कोऱ्या चिठ्ठ्या आणल्या होत्या आणि पेशंटच्या जागी आमची नावं घातली होती. मी एकेक उचलून वाचली.

'रामचंद्रकाका. हात थरथरतो, बारीक वाचता येत नाही. हरले तर हसतात, ताटकळत ठेवलं तर झोपतात.'

'अबोली. पाच मिनिटांत काहीतरी घडायला हवं.'

'प्रीतम. विचाराला जितका वेळ द्यावा तितका घेतो. दुसऱ्याच्या चाली सांगतो.'

'अनिरुद्ध. लांबून येतो. याला बाद करू नये. (फोन करून माफी मागायची.)'

'अल्पेश. चेष्टा करायला वाव हवा.'

माझ्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'ताई. सूड उगवते.'

मी म्हटलं, हे काय रे? तो म्हणाला, "खरंय ना पण? तू बोललीस ते बरोबर होतं ताई. माप न घेता दात बनवत होतो मी." आणि मग अकरा खोके एकेक काढून त्याने चिठ्ठ्यांसमोर धरले. ह्यात माणूस बाद होतो, अनिरुद्धला चालणार नाही, गेला. ह्यात पाळी लांबते, गेला. ह्यात दोघं मिळून तिसऱ्याला खातात, गेला. ह्याच्या सोंगट्या इतक्या नाजूक की काकांच्या हातून मोडतील, गेला. दोनशे बारा सैनिकांचा खोका त्याने सगळ्यात शेवटी हातात घेतला. थोडा वेळ धरून बसला, मग तोही बाजूला ठेवला. चार वर्षांची मेहनत होती ती. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले.

उरला एकच, सगळ्यात लहान खोका. कुणाकडून तरी फुकट आलेला, कधी उघडलाही नव्हता. होड्यांचा खेळ. प्रत्येकाच्या तीन होड्या, समुद्रात मासे, ते गोळा करून धक्क्यावर आणायचे. नियम चार पानांत. दुसऱ्याच्या होडीला आपली होडी लागून असली की दोघांनी फासे टाकायचे, आपला आकडा मोठा पडला तर ती उलटवता येते, पण उलटलेली होडी पुढच्या फेरीत किनाऱ्यावरून परत निघते, म्हणून कुणी बाद होत नाही. प्रीतमला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "यार, हा पोरखेळ आहे." सम्यक म्हणाला, "असू दे."

मालकांना विचारून त्याने दातांचे नमुने काढायच्या लॅबच्या थ्रीडी प्रिंटरवर मोठ्या, जाडजूड होड्या काढल्या, काकांच्या बोटांत बसतील अशा. सहा रंगांत रंगवल्या, पुढच्या टोकाला, नाळेवर, डोळे काढले. तरी एक अडचण राहिलीच. पाळी ठरलेल्या क्रमाने गेली की आपली झाल्यावर माणूस ढिला पडतो, पुढचे पाच जण होईपर्यंत त्याला काम नाही. आणि प्रीतमला आपली पाळी कधी हे आधी कळलं की तो आकडेमोड करत बसतो. ह्यावर तोड अल्पेशने काढली.

अल्पेश म्हणाला, "आमच्या घरी मासळीचे वाटे घालतात ना, तसं कर की. होडीवरचे चार भागीदार असले की चार वाटे घालायचे. मग प्रत्येकाने आपली एक खूण द्यायची. कुणी शिंपला देतो, कुणी चावी, कुणी बाटलीचं झाकण. कुठली खूण कुणाची हे ज्याला माहीत नाही अशा माणसाला बोलवायचं, तो एकेक खूण एकेका वाट्यावर ठेवतो. झालं. कुणाला मोठा पापलेट आला म्हणून भांडायचं कारणच नाही."

सम्यकने ते जसंच्या तसं उचललं. सहा जणांनी आपली एकेक खूण टोपलीत टाकायची. खेळात नसलेल्या माणसाने न बघता एक काढायची. ज्याची निघेल त्याने एकच होडी हलवायची, खूण बाहेर ठेवायची, लगेच पुढची. सगळ्या संपल्या की परत टोपलीत. आता पुढची पाळी कुणाची हे देवालाही ठाऊक नाही, मग मोबाइल बघणार कोण? आणि खुणा काढायला आई तयार झाली.

वर्धापनदिनाला दुपारी श्रीखंडपुरीचं जेवण झालं. अशा जेवणावर माणसं जागी ठेवायची म्हणजे परीक्षाच होती. चारला पाच मिनिटं कमी असताना कमळताई आल्या आणि हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. योगाच्या बायकाही बघायला आल्या होत्या. टेबलावर निळं कापड, प्लास्टरचा धक्का, रंगीत होड्या. अनिरुद्ध पार्ल्याहून आला होता, जरा बिचकतच. खुणा गोळा झाल्या. अबोलीची केसांची क्लिप, अल्पेशचा शिंपला, अनिरुद्धचं पेनाचं टोपण, प्रीतमचा पेन ड्राइव्ह, माझी सेफ्टी पिन. रामचंद्रकाका म्हणाले, "मी दात काढून टाकू का?" आणि सगळे हसले. त्यांनी शर्टाचं सुटं बटण टाकलं.

आईने टोपलीत हात घातला.

काय सांगू तुम्हाला. पहिल्या पंधरा मिनिटांत मी उभी राहून खेळायला लागले होते. बटण निघालं की काका "आलो, आलो" म्हणत होडी सरकवायचे, हात थरथरला तरी होडी घट्ट बसायची. अबोली खुर्ची विसरून टेबलावर ओणवी झाली होती. प्रीतम आकडेमोड करायला जायचा आणि तोवर त्याचीच खूण निघालेली असायची. मग सगळे ओरडायचे, "चल ना प्रीतम," आणि तो घाईघाईत चूक करायचा. अनिरुद्धची होडी अल्पेशने दोनदा उलटवली, आणि दोन्ही वेळा अनिरुद्ध पुढच्या फेरीत परत निघाला. तिसऱ्या वेळी त्याने अल्पेशला उलटवलं. त्या सज्जन माणसाने टेबलावर हात आपटला, मी स्वतः बघितलं.

पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच. भिंतीला टेकलेलं कुणी नाही. योगाच्या बायकांतल्या दोघी काकांना सल्ले देत होत्या. मला वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात कमळताई म्हणाल्या, "नऊ मिनिटं."

सगळे थांबले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं, पट्टी, फासा, होडी.

"एक माणूस नऊ मिनिटं हात बांधून उभा आहे," कमळताई म्हणाल्या आणि बोट केलं ते सम्यककडे.

खेळ इतका सुरळीत चालला होता की नियम विचारायला कुणी त्याला हाक मारत नव्हतं. तो खांबाजवळ उभा राहून आमच्याकडे बघत हसत होता. आता ते हसू उतरलं. "ताई, मी खेळणाऱ्यांत नाही," तो म्हणाला. "मी फक्त मांडून दिलं."

"मी 'कुणीही' म्हटलं होतं," कमळताई म्हणाल्या. "तू कुणी नाहीस का? अर्धं मिनिट उरलंय."

 नऊ वर्षं. नऊ वर्षं हा दर रविवारी मांडतोय आणि दुसरे खेळतायत. सहा चिठ्ठ्या लिहिल्या ह्याने, सहाही जणांचं बारीकसारीक माप घेतलं, आणि सातवी चिठ्ठी लिहायची आहे हे ह्याच्या डोक्यातही आलं नाही. कारण खेळात असून नसण्याची सवय ह्याला मी लावली होती, चाळीच्या अंगणात.

आणि मग आई बोलली. टोपली मांडीवर, हात टोपलीत, मान वरही न करता. "शीतल, त्याले बी घे नं खेळाले."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. खोका उपडा केला एवढं खरं. तळाशी तीन जादा होड्या होत्या, प्रिंटरमधून आल्या तशाच, रंग न दिलेल्या, दातांच्या रंगाच्या. त्या मी किनाऱ्यावर लावल्या. "खूण काढ तुझी," मी त्याला म्हटलं. तो खिसे चाचपायला लागला. रुमाल, किल्ल्या घरी राहिलेल्या, काहीच नाही. मी त्याच्या शर्टाच्या खिशातून दम्याचा पंप काढला, निळं झाकण उपटलं आणि टोपलीत टाकलं.

"बसलाय बघा," मी कमळताईंना म्हटलं.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "दहा सेकंद होती," म्हणाल्या. "चालू द्या."

आईने खूण काढली. पेनाचं टोपण निघालं. मग क्लिप. मग बटण. सम्यक खुर्चीच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग निळं झाकण निघालं. त्याने होडी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. प्रीतम काहीतरी सांगायला तोंड उघडणार तोच अल्पेशने त्याच्या तोंडासमोर हात धरला. सम्यकने स्वतः पट्टी लावली आणि होडी पाण्यात सोडली.

सहाला सात मिनिटं होती तेव्हा शेवटची फेरी सुरू झाली. मी चांगल्या जोरात होते. धक्क्यावर माझं अजून फारसं काही नव्हतं, पण एक होडी पाच मासे भरून धक्क्याच्या बोटभर अलीकडे, माझी सेफ्टी पिन निघाली की पोचलेच. आईने हात घातला. निळं झाकण.

सम्यकने टेबलाकडे बघितलं. त्याची होडी माझ्या होडीला लागून होती. तिथून तो सरळ धक्क्यावरही जाऊ शकत होता, त्याचे दोन मासे होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि फासे उचलले.

"उलटवतो," तो म्हणाला.

"सम्या, मी बहीण आहे तुझी," मी म्हटलं.

"माहितीये."

फासे पडले. त्याचे अकरा, माझे चार. माझी होडी आडवी झाली, पाचही मासे पाण्यात. काकांचं बटण लगेच निघालं आणि त्यांनी ते पाचही गोळा करून धक्क्यावर नेले. हॉलमध्ये इतका आरडाओरडा झाला की वॉचमन बघायला आला. सम्यक उभा राहिला होता, दोन्ही हात वर, छाती वाजत होती आणि तो हसत होता. मी त्याला एवढं हसताना पहिल्यांदा बघितलं. आणि मी, जी कॅरममध्येही हरले की दोन दिवस बोलत नाही, मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

कमळताईंनी घड्याळ बघितलं. "सहा. रविवार तुमचा," त्या म्हणाल्या, आणि योगाच्या बायकांकडे वळून, "तुम्हाला शनिवार देते." मग रामचंद्रकाकांना उठवायला गेल्या, तर ते म्हणाले, अजून एक डाव. कमळताईंनी टेबलाकडे बघितलं. मग पर्समधून चाळीस वर्षांपूर्वीचा डेपोचा पितळी बिल्ला काढला आणि आईच्या टोपलीत टाकला.

त्या दुसऱ्या डावात काय झालं ते विचारू नका. पहिल्या डावाचा निकाल मात्र सम्यकने लॅबच्या चिठ्ठीवर लिहून हॉलच्या फळ्यावर टाचलाय, अजून आहे तिथे. पहिले रामचंद्रकाका, मग अबोली, अनिरुद्ध, अल्पेश, प्रीतम. सहावा सम्यक. सातवी मी. त्याच चिठ्ठीच्या खाली मी माझ्या हाताने एक चिठ्ठी लावली आहे: 'सम्यक. याला खेळायला घ्यावं. याने कुणाला पकडलं तर ते धरलं जाईल.'